खुर्ची नको, मी उभाच बरा

भिगवणच्या थोडं अलीकडे हायवेला लागून एक हॉटेल आहे, पत्र्याची शेड, पुढे पाच-सहा लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी सव्वाअकराला मी तिथं उभा राहून पोहे खात होतो. मालक दोनदा म्हणाला, "बसा की ओ, उभ्यानं कशाला खाताय." म्हटलं नको काका, उभाच बरा. त्याला वाटलं असेल माणूस घाईत आहे. घाई अजिबात नव्हती, कंट्रोल, म्हणजे वाटेतलं शिक्का घ्यायचं ठिकाण, बंद व्हायला सव्वा तास होता, सायकलवर १०० किलोमीटर झाले होते, पाय मस्त, दम मस्त, फक्त बूड म्हणून जो भाग असतो तो माझा राहिला नव्हता. आणि त्याच सीटवर अजून १०० जायचे होते.

ती माझी पहिली २०० ची बीआरएम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीआरएम म्हणजे रेस नाही, सायकलवर ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पुरं करायचं बस, २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. मधे कंट्रोलवर कार्डावर शिक्का घ्यायचा. मूळ पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचं हे खूळ, आता पुण्यात घरोघरी एकेक जण त्यात सापडतो. मी तयारी म्हणून सिंहगड पायथा, खडकवासला, एकदा लोणावळा जाऊन-येऊन असं सगळं केलं होतं आणि ६०-७० पर्यंत कधीच काही दुखलं नव्हतं, लोणावळ्याला शेवटी थोडं झालं तर ते मी "सवय नाही" या खात्यात टाकलं. त्यामुळे सीट ठीक आहे असं मी धरूनच चाललो होतो. सीटचं हेच वाईट असतं, ४० किमीपर्यंत कुठलंही सीट गुणी असतं, त्याचे खरे गुण कळतात ८० नंतर, आणि तेव्हा तुम्ही घरापासून लांब असता.

परतीला यवतच्या आसपास लघवीला थांबलो तेव्हा लक्षात आलं की तिथं काही कळतच नाहीये. म्हणजे दुखत नव्हतं, सुन्न. दुखत नाहीये म्हणून मला पाच मिनिटं बरंसुद्धा वाटलं, इतका मी हुशार. १२ तास ५० मिनिटांत संपवली राईड, मेडलची ऑर्डर दिली, फोटो टाकला, ९४ लाईक आले. कुणाला सांगितलं नाही की रिक्षात सायकल टाकून आलो, कारण हडपसरहून घरापर्यंत अजून १४ किमी बसायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी घरात माझी चाल बघून बायको म्हणाली, "अरे तू खुर्चीत असा तिरका का बसलायस?" आणि आईनं तर थेट निदानच केलं, मूळव्याध. तिला कितीही सांगितलं की आई मूळव्याध नाहीये, सायकलीमुळे घासलंय, तरी संध्याकाळी सुरणाची भाजी झालीच. सलग तीन दिवस. चौथ्या दिवशी डाव्या बाजूला, जिथं मांडी संपून वरचं सुरू होतं तिथं टचटचीत केसतोड आला आणि मग डॉक्टरकडे जावंच लागलं. आठ दिवस सायकल बंद.

आता जे लिहितोय ते पुढच्या सहा-सात महिन्यांत मी पैसे घालवून शिकलो ते आहे. आमच्या ग्रुपवर गिअर रेशो, एव्हरेज, हार्ट रेट सगळ्यावर रात्री बारापर्यंत चर्चा चालते, पण या विषयावर फार तर एक हसणारी स्मायली. सगळ्यांना त्रास असतो हो. राईड संपल्यावर मिसळ खाताना कोण किती उशिरा खुर्चीत टेकतं ते बघा एकदा.

पहिली गोष्ट मला हीच माहीत नव्हती की तिथलं "दुखणं" एकच नसतं. हाड दुखणं वेगळं. आपण बसतो ते दोन हाडांवर, दोन्ही कुल्ल्यांच्या खाली हात घालून बसलात तर हाताला टोचतात ती (माकडहाड नाही, ते मागे असतं, बरेच लोक गल्लत करतात). सीट नवीन असेल किंवा खूप दिवसांनी सायकल काढली असेल तर ही हाडं ठणकतात आणि आठ-दहा राईडमध्ये आपोआप सवय होते, त्याचं एवढं काही नाही. कातडी सोलवटणं वेगळं, ते घाम, ओल आणि शिवण यांचं काम, त्यातूनच पुढे केसतोड. आणि सुन्न होणं हे एकदम वेगळं, ते म्हणजे वजन हाडांवर नसून मधल्या मऊ भागावर पडतंय, तिथून नस जाते आणि रक्तवाहिन्या जातात, त्या दाबल्या जातायत. त्याची सवय होत नसते आणि करूनही घ्यायची नसते. उतरल्यावर पाच-दहा मिनिटांत संवेदना आली नाही किंवा दरवेळी होत असेल तर लाज सोडून डॉक्टरला दाखवा. मला तेव्हा तिन्ही एकदम झालं होतं आणि मी तिन्हीला एकच औषध शोधत होतो.

औषध म्हणजे अर्थातच जेल कव्हर. ४५० रुपये, काळं, बोटानं दाबलं की मस्त आत जातं, दुकानदार म्हणाला सर एकदम सोफा. आणि पहिले वीस किमी खरंच सोफा. पण मऊ गादीवर काय होतं, दोन्ही हाडं खाली रुततात आणि मधलं जेल वर येतं, म्हणजे जिथं दाब नको तिथंच जास्त दाब. शिवाय त्या कव्हरला खाली एक नाडी होती, ती कितीही आवळली तरी खंबाटकी चढता चढता ते कव्हर डावीकडे सरकायचं आणि मी दर दहा मिनिटांनी एक हात मागे घालून ते परत मधे ओढायचो. मागून येणाऱ्या एसटीतल्या लोकांनी काय समज करून घेतला असेल देव जाणे.

मग वाटलं सीट रुंद पाहिजे, आपलं माप मोठं आहे. घेतलं रुंद. हाडांना बरं वाटलं पण पायडल मारताना मांडीची आतली बाजू दोन्हीकडून घासायला लागली, ६० किमीला मांड्या लालभडक. ते विकलं अर्ध्या किमतीत, ग्रुपवरच, ज्यानं घेतलं त्यानंही महिन्याभरात विकायला काढलं.

तेव्हा एकानं पुठ्ठ्याचं सांगितलं. हे मात्र खरंच करून बघा, फुकट आहे. ऑनलाईन वस्तू येतात त्या खोक्याचा नालीवाला पुठ्ठा घ्यायचा, जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, पातळ चड्डीत त्यावर बसायचं, गुडघे थोडे वर घ्यायचे, किंचित पुढे वाकायचं आणि मिनिटभर थांबायचं. उठलं की पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. नीट दिसत नसतील तर वरून खडू आडवा फिरवा, खळगे सोडून बाकीचा पुठ्ठा पांढरा होतो. दोन्ही खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. माझं ११८ मिलिमीटर आलं. त्यात साधारण २० ते २५ मिळवायचे, जितके जास्त वाकून चालवता तितके कमी आणि जितके ताठ बसता तितके जास्त. म्हणजे मला १४० च्या आसपासचं पाहिजे होतं आणि मी आधी १३० वर होतो आणि नंतर उडी मारून १७० वर गेलो होतो. माणूस जाड आहे का बारीक याचा या हाडांशी फारसा संबंध नसतो ही दुसरी गोष्ट मला तेव्हा कळली. बायकांची हाडं सरासरी जरा रुंद असतात, आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण दोन वर्षं सायकलीबरोबर आलेल्या अरुंद सीटवर चालवत होती, गप्प बसून, कारण सगळ्या पुरुषांच्या ग्रुपवर विचारणार कसं. पुठ्ठा तिलाही कामाला आला.

तर १४५ चं, मधे खाच असलेलं तिसरं सीट आणलं. आता सुटलो असं वाटलं. सुन्नपणा निम्म्यावर आला, पण गेला नाही, आणि डावी बाजू १०० नंतर ठणकायचीच. तिसरं सीट! बायकोनं विचारलं की तू सायकल चालवतोस का सीटं गोळा करतोस.

वडिलांचं वेगळंच. ते खडकीला कारखान्यात होते, पंचवीस वर्षं रोज सायकलीनं गेले, मोठी काळी सायकल, खाली दोन जाड स्प्रिंगा असलेलं चामड्याचं सीट, अंगात साधी पँट. "आम्हाला नाही कधी काही झालं. तुमची चड्डीच तीन हजाराची." मला याचा राग यायचा, नंतर कळलं की त्यांचं बरोबरच होतं फक्त हिशोब वेगळा होता. ते ताठ बसायचे, सगळं वजन हाडांवर, त्याला रुंद स्प्रिंगचं सीट बरोबर, आणि एका वेळी अर्धा-पाऊण तास. मी पुढे वाकून बसतो, कंबर पुढे कलली की हाडांची टोकं सीटवरून सुटतात आणि वजन पुढे मधल्या भागावर यायला लागतं. आणि हे मी बारा तास करतो. बाकी चामड्याचं सीट हे प्रकरण भारीच, ताणून बसवलेलं चामडं वापरून वापरून तुमच्या हाडांच्या आकाराचं होतं. इंग्लंडमधल्या ब्रूक्सची अजूनही तशीच मिळतात. तिथली गोष्ट अशी सांगतात की मूळ मालकाचा घोडा मेला म्हणून त्यानं सायकल घेतली आणि सीट इतकं टोचलं की स्वतःच बनवायला बसला, १८८२ मध्ये पेटंट घेतलं. म्हणजे हे दुखणं किमान तितकं जुनं. मी ते घेतलं नाही, आपल्या पावसाळ्यात चामडं सांभाळत बसायची माझी तयारी नाही.

शेवटी मित्रानं मागून व्हिडिओ काढला. ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकल लावली, मी पाच मिनिटं चालवली, त्यानं मोबाईल मागे स्टुलावर ठेवला होता. बघितलं तर माझी कंबर बदकासारखी इकडून तिकडे. प्रत्येक पायडलला मी खालच्या बाजूला घसरत होतो, डावीकडे जास्त. सीट उंच होतं. उंच का होतं, तर नवीन सायकल घेतली तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं की उंच ठेवलं की पॉवर येते, आणि उंच सीट दिसायलाही जरा व्यावसायिक दिसतं हे खरं कारण.

उंचीचं माप असं. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, दोन पायांच्या मधे एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक सीटसारखं वर दाबून धरायचं, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं ८० सेंटीमीटर. त्याला ०.८८३ नं गुणलं की ७०.६, हे क्रँकच्या मध्यापासून, म्हणजे पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात तिथून, सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. माझं होतं ७२.८. सव्वादोन सेंटीमीटर जास्त! हे सूत्र म्हणजे काही वेदवाक्य नाही, पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. साधी खूण म्हणजे टाच पायडलवर ठेवून पायडल खाली नेलं की गुडघा जेमतेम सरळ व्हावा आणि कंबर हलू नये, मग पायाचा चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. मी एकदम सगळं खाली घेतलं नाही, आठवड्याला पाच-सहा मिलिमीटर, दरवेळी सीट पोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, काळ्या इन्सुलेशन टेपची खूण. अजूनही त्या पोस्टवर टेपच्या चिकट रेघा आहेत, जनगणनेसारख्या.

कंबर हलायची थांबली, डावी बाजू गेली. सुन्नपणा थोडा उरला. आणि इथं मी हार मानून फिटिंग, म्हणजे सायकल अंगाच्या मापाला लावून देतात ते, करून घ्यायला गेलो, साडेचार हजार रुपये, जे मी तीन सीटांच्या आधी घालवायला हवे होते.

त्या माणसानं मला सायकलवर बसवायच्या आधी सीट बघितलं. नुसतं बघितलं नाही, बोट फिरवलं. म्हणाला, "सर, घासलंय कुठं बघा." नाकाकडचा भाग, म्हणजे पुढचा निमुळता, गुळगुळीत होऊन चकाकत होता, टेक्स्चर गेलेलं. आणि मागचा रुंद भाग, ज्याच्यासाठी मी पुठ्ठ्यावर बसून ११८ मिलिमीटर मोजले होते, तो दुकानातून आणल्यासारखा, शिवणीचा पांढरा दोराही मळलेला नव्हता. "तुम्ही या सीटवर बसताच कुठं सर, तुम्ही टोकावर बसता."

एवढ्या महिन्यांचं तिथं एका बोटात निघालं. मी सीट बदलत होतो आणि बसत होतो कुठल्याही सीटच्या नाकावरच. कारण हँडल लांब होतं. मला गाठायला लांब, म्हणून मी नकळत पुढे सरकत राहायचो, हात कोपरात ताठ, खांदे कानाला. त्यानं स्टेम, म्हणजे हँडल सायकलीला जोडणारा तुकडा, बदलला, ११० मिलिमीटरचा काढून ८० चा लावला, आणि खाली दोन स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या रिंगा, घालून हँडल वर घेतलं. मग सीट पुढे-मागे किती ते बघायला चक्क ओळंबा काढला. गवंड्याचा असतो तोच, दोरीला लोंबणारं पितळी वजन. दोन्ही पायडल आडवे समोरासमोर, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोरी सोडायची, ती साधारण पायडलच्या आसावरून जावी. माझी पुढे जात होती, कारण पुढे सरकायची सवय म्हणून मी सीटही पुढे ओढून ठेवलं होतं. ते १२ मिलिमीटर मागे गेलं.

आणि शेवटी सीटचा कल. इथं मला जरा खात्री होती, म्हटलं ते मी मोबाईलच्या लेव्हलनं अगदी शून्यावर लावलंय. त्यानं लावून बघितलं, नाक अडीच डिग्री वर. मी वाद घातला. मग विचारलं त्यानं, कुठं लावलं होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये. पार्किंगला पाणी जायला उतार असतो. माझं पुढचं चाक उताराकडे होतं, म्हणजे सायकलच पुढे झुकलेली, त्या झुकलेल्या सायकलीवर मी सीट सपाट केलं होतं. रस्त्यावर आलं की ते नाक वर. चार महिने मी सिव्हिल इंजिनिअरनं काढलेल्या उतारावर बसून चालवत होतो. आता एक डिग्री खाली आहे, त्याहून जास्त खाली केलं तर पुढे घसरायला होतं आणि सगळा भार तळहातावर येतो.

चड्डीबद्दल थोडं, कारण ते सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. पॅडवाल्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. मी पहिल्या बीआरएमला घातली होती, संस्कार म्हणून. तिच्या इलास्टिकची आणि शिवणीची रेघ जिथं उमटली होती बरोबर तिथंच केसतोड आला. एकदा घातलेली चड्डी न धुता परत घालायची नाही, धुतली की उलटी करून उन्हात, आणि पावसाळ्यात ते पॅड दोन दिवस वाळत नाही म्हणून दोन जोड्या लागतात. आई ती दोरीवर घालताना प्रत्येक वेळी "हे बाळंतिणीसारखं काय घालतोस" म्हणते. क्रीम विकत मिळतं, महाग असतं. मी १०० किमीच्या आतल्या राईडला खोबरेल लावतो, त्याहून लांबच्या राईडला व्हॅसलिन, फक्त व्हॅसलिन पॅडमधून लवकर निघत नाही, गरम पाण्यात भिजवावं लागतं. आणि राईड संपली की त्याच ओल्या चड्डीत मिसळ खात दोन तास गप्पा मारायच्या नाहीत, यात मी अजूनही नापास आहे.

हवेचंही बघा. मी २५ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये १०० पीएसआय भरून सोलापूर रोडच्या रंबलरवरून (वेग कमी करायला लावलेल्या बारीक उंचवट्यांच्या पट्ट्या) जायचो आणि सीटला शिव्या द्यायचो. आता २८ चे टायर, माझ्या ७८ किलोला ७५ पीएसआय. आणि दर पंधरा मिनिटांनी उभं राहून पंधरा-वीस पायडल, घड्याळात बीप लावलाय. फ्लायओव्हर आला की एक गिअर जड टाकून उभ्यानंच चढायचा, आपल्या हायवेला फ्लायओव्हरची काही कमी नाही.

गेल्या डिसेंबरात ३०० केली, १७ तास ४० मिनिटं. सुन्नपणा नाही, केसतोड नाही, शेवटच्या ५० मध्ये हाडं दुखली पण ती हाडंच होती. एकदा वडील पार्किंगमध्ये म्हणाले बघू दे, आणि ७४ व्या वर्षी टांग टाकून सोसायटीला दोन चकरा मारून आले. उतरून म्हणाले, "सीट कसलं हे, पाचर आहे. आणि हँडल वर घे जरा, लांब पडतंय." साडेचार हजार.

आता २४० नंतर उजव्या हाताच्या करंगळीला मुंग्या येतात, त्याचं बघतोय, हँडलला डबल टेप लावलीय. जेल कव्हर टाकून द्यायला काढलं होतं तर आईनं ठेवून घेतलं. तिच्या शिलाई मशीनच्या स्टुलावर चढवलंय, नाडी खालून आवळून. तिथं ते अजिबात सरकत नाही.